पुढच्या वर्षीचं माप

आत्याबद्दल गल्लीत एक गोष्ट पसरलेली आहे: सायकलच्या दुकानात हेल्मेट विकणारी ही बाई लहान पोरांच्या आयांना रडवते आणि रिकाम्या हाताने परत पाठवते. यातलं परत पाठवणं खरं. रडत मात्र कुणी जात नाही. त्या आया नाक मुरडत, चरफडत जातात.

बाकी गिऱ्हाइकांशी तिचं छान जमतं. "आत्या, एकदम हलकं द्या, वाऱ्यासारखा उडालो पाहिजे," म्हणत शर्यतवाला आला, की ती भरपूर झरोक्यांचं निमुळतं हेल्मेट काढते. "उड बाबा. उतरताना तेवढं डोक्यावर उतरू नकोस." पायऱ्यांवरून सायकली उडवणाऱ्या टोळक्याला डोक्याची मागची बाजू झाकणारं, गोल आणि कडक. डोंगरवाटांच्या हौशींना पुढे चोच असलेलं, हनुवटीपर्यंत झाकणारं. ऑफिसच्या साहेबांना लांबून दिसेल असं भडक पिवळं.

"अहो, केस विस्कटतात!"

"साहेब, मोजण्याइतकेच तर राहिलेत!"

मग कपाळाभोवती टेप. हेल्मेटची कड भुवयांच्या वर दोन बोटं, पट्ट्याखाली जेमतेम एक बोट. "मान हलव. अजून. जोरात नाही म्हण." हेल्मेट हललं, की दुसरं.

पण कुणी म्हणालं, "एक नंबर मोठंच द्या, वाढतं अंग आहे, पुढच्या वर्षीही होईल," की आत्या टेप गुंडाळते.

"पोरगी पुढच्या वर्षी पडणार आहे का? मग पुढच्या वर्षी या."

हेल्मेट विकण्याआधी आत्या कपडे शिवायची. फ्रॉकच्या शिवणीत दोन बोटं कापड जास्त सोडायचं, पोर वाढली की उसवायचं, असा तिचा हात. लेक अकरा वर्षांची झाली, सायकल आली, तेव्हा हेल्मेटही तिने तसंच घेतलं: एक नंबर मोठं, आत कापडाची घडी शिवून. उतारावर पोरीने पुढचा ब्रेक दाबला. हेल्मेट मागे घसरून मानेवर गेलं, आणि उघडं कपाळ फुटपाथच्या कडेवर आपटलं. हेल्मेटला ओरखडासुद्धा आला नाही.

ती लेक, माझी ताई, आता पंचवीसची आहे. दुकानामागच्या खोलीत बसून पट्ट्यांच्या क्लिपा रंगाप्रमाणे लावते. रोज संध्याकाळी विचारते, "आई, उद्या सायकल?"

"उद्या गं." कपाळावरचा खळगा टाळून आत्या तिचे केस विंचरते.

मी आत्याचा भाचा, दुकानात तिच्या हाताखाली असतो. सगळ्यांच्या नकला करतो, आत्याचीही. ताई खदखदून हसते. एकदा त्याच भरात खुंटीवरच्या जुन्या निळ्या हेल्मेटकडे बोट दाखवून बोलून गेलो, "हा टोप तर ताईलासुद्धा मोठा होईल. पैज!" ते कुठलं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

आत्याने ते खुंटीवरून काढलं. "हरलास तर महिनाभर माझी नक्कल बंद."

तिने कात्री घेतली. आतली घडी उसवली, एकेक टाका. मग ते ताईच्या डोक्यावर ठेवलं, पट्टा लावला, हनुवटीखाली एक बोट घालून पाहिलं.

"मान हलव, बाळा. नाही म्हण."

ताईने जोरजोरात मान हलवली. हेल्मेट जागचं हललं नाही.

"आज सायकल?" ताई म्हणाली.

"बसलं," आत्या म्हणाली. माझ्याकडे न बघता.

पैज मी हरलो. महिना कधीच सरला. पण आत्याची नक्कल करायला तोंड उघडतो, आणि ते 'बसलं' आठवून मिटतो.