बाराव्या मात्रेला मागे वळणारी मान

१. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या नाचांतल्या हालचाली मी आपल्या हलगीवर बसवते. आज सकाळी निपाणीत, एका जुन्या तंबाखूच्या वखारीत, माझा वर्ग होता.
२. रविवारी बेळगावात घरी एकटीने बसवलेली सोळा मात्रांची रचना शिकवायला घेतली. ती कुणालाही दाखवलेली नव्हती.
३. पहिल्या आठ मात्रा झाल्यावर एका विद्यार्थिनीची आजी उठली आणि तिने उरलेल्या आठ करून दाखवल्या. बाराव्या मात्रेला मान मागे वळते, तीसुद्धा.

हलगी थांबली. मी विचारलं, "आज्जी, हे कुठं शिकलात?"

"हितंच की. स्वातंत्र्याच्या आदी. आई तंबाखू निवडायची, मी तिच्याजवळ बसायची. एक सिद्दी बाई कामाला हुती, मूळची आफ्रिकेकडची माणसं ती. सुट्टीत नाचायची. तू तिची कोण लागतीस व्हय?"

"कुणी नाही. ती मान का वळवायची?"

"दारात मुकादम आलाय का बघाय."

माझ्या रचनेत मी ती मान का वळवली, ते सांगते. घरी सराव करताना बरोबर त्या मात्रेला मागे कुणीतरी उभं आहे असं वाटलं होतं. दोनदा. दार बंद होतं.

"तिचं नाव काय होतं?"

"आम्ही सगळी आक्काच म्हणायचो गं. नाव कुणी इचारलंच न्हाय."

ही रचना ज्या कार्यक्रमात सादर होणार आहे, त्याच्या पत्रकावर 'नृत्यरचना' या शब्दापुढे सध्या माझं नाव आहे. ते तसंच ठेवणं मला आता जमणार नाही. पत्रक शुक्रवारी छापायला जाईल. निपाणीत कुणाच्या घरी त्या बाईची आठवण असेल, तर कृपया तिचं नाव गुरुवारी संध्याकाळपर्यंत मला कळवा.