महरंगची बाजू

गंजातून आणि महरंग जावाजावा. खोरासानच्या माळावर, काळ्या तंबूपुढं खुंट्या ठोकून आडव्या घातलेल्या मागावर दोघी गालिच्याच्या गाठी बांधत शेजारी बसायच्या. डावी बाजू गंजातूनची, उजवी महरंगची. हात चालत तशी तोंडंही चालत.

"तुझी गाठ म्हणजे उंट बांधायचा दोर गं!" महरंग म्हणायची.

"आणि तुझी? तुझ्या नवऱ्यासारखी ढिली!"

त्या वर्षी मंजिष्ठेच्या मुळांचा लाल रंग लोकरीवर झकास उतरला होता. काळपट निळ्यावर लाल अष्टकोन, कडेला उंटाच्या लोकरीचा मूळचा रंग, पांढरा फक्त ठिपक्यांपुरता. गालिचा निम्म्यावर आला आणि महरंग बाळंतपणात गेली. मूलही गेलं.

दुखवटा सरेपर्यंत मागाला कुणी हात लावला नाही. मग महरंगच्या नवऱ्यानं, दादकरीमनं, दुसरं लग्न केलं. सासूनं नव्या सुनेला, साहतीला, उजवीकडं बसवलं. गंजातून तिच्याशी चकार शब्द बोलेना. साहती पाण्याला गेली की ही तिच्या गाठी उसवून टाकी. एकदा साहती मध्येच परतली.

"जाऊबाई, सासूबाईंनी बघितल्यात त्या गाठी. चांगल्या आहेत म्हणाल्या."

"त्या जागेवर शोभत नाहीत."

"महरंगला मी मारलं का? इथं बसतेस का म्हणून मला कुणी विचारलं होतं?"

पोरीच्या बोटांची टोकं फुटून लाल झाली होती. गंजातून कितीतरी वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. हातातली उसवलेली लोकर तिनं खाली ठेवली.

"अष्टकोनाचा कोपरा आधी निळ्यानं बांध," ती म्हणाली. "ती तसंच करायची."

त्यानंतर तिनं काही उसवलं नाही. पण थट्टामस्करीही कधी केली नाही.

गालिचा मागावरून उतरला तेव्हा उजवी कड मध्येच आत ओढलेली दिसत होती. हात कुठं बदलला ते लपत नव्हतं. गालिचा विकत घेतलेल्या व्यापाऱ्याची गाडी आली. दादकरीम गालिचा गुंडाळू लागला.

"थांब जरा."

गंजातून गुडघ्यांवर बसली. महरंगच्या गाठी जिथं संपत होत्या तिथवर तिनं तळवा फिरवत नेला. दादकरीमनं तोंड फिरवलं.

"वहिनी, गाडी खोळंबलीय."

"ने."

गाडीची धूळ बसायच्या आत ती तंबूत शिरली. महरंगच्या मयताच्या दिवशीही न रडलेली ती बाई मोठ्यानं रडू लागली. आत जावं की नाही, हे न कळून साहती दारातच उभी राहिली.