शहाडचा ब्रदर

शहाडच्या आमच्या बिल्डिंगखाली गाडी उभी होती आणि नाना माझ्या बॅगेला दोरी बांधत होते. बॅग नवी होती, चेनही धड होती. दोरीची काही गरज नव्हती, पण नानांना हाताला काहीतरी काम हवं होतं. कोपरहून ताई सकाळीच आलेली. तिने डब्यात धपाटे दिले आणि ते विमानात नेता येतात की नाही यावरून माझ्याशी वाद घातला. तेवढ्यात तळमजल्यावरचे पवार काका बाहेर आले. पोरगा कुठे निघाला, असं त्यांनी नानांना विचारलं.

"आयर्लंडला. मेडिकल लाइनला हाय ना तो," नाना म्हणाले.

नर्स हा शब्द त्यांनी त्या दिवशीही उच्चारला नाही. मी पण सांगितला नाही. जाताना कशाला चव घालवायची, असं वाटलं. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी पाठीवर हात ठेवला. विमानतळावर येणार नाही म्हणाले, मला तिथलं काय कळतंय. गाडी गेटमधून बाहेर पडली तेव्हा मी मागे वळून पाहिलं, तर ते तिथे नव्हते. नंतर ताईने सांगितलं, नाना पहिल्या मजल्याच्या जिन्यात जाऊन बसलेले. चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना दम लागलाय म्हणून सांगत होते.

तिकडे राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं सर्टिफिकेटांची फाइल छातीशी धरून इकडे आलेल्यांनो, तुमच्यातल्या प्रत्येकाकडे असा एक जिना असेल. माझ्याकडचा सांगतो.

नाना माण तालुक्यातले. तरुणपणी शहाडला आले, सूत काढणाऱ्या कारखान्यात लागले आणि तिथेच रिटायर झाले. मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला ते फार मानायचे. मी बारावीला असताना त्यांच्या डोक्यात माझ्यासाठी डिप्लोमा ठरलेला होता. मेकॅनिकल.

पण त्याच वर्षी आईच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा कल्याणला डायलिसिस सुरू झालं. ताईचं नुकतंच लग्न झालेलं, ती कोपरला सासरी. म्हणून आईला रिक्षात बसवून न्यायचं आणि आणायचं काम माझ्याकडे आलं. नानांची सुट्टी असली तर तेही यायचे, पण आत येत नसत. बाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभे राहायचे. आत मी बसायचो. आईच्या डाव्या हातात ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या जोडलेल्या होत्या. तिथे बोटं ठेवली की कातडीखाली बारीक थरथर लागायची. ती थरथर आहे म्हणजे हात चालू आहे, हे मला तिथल्या मर्सी सिस्टरांनी शिकवलं. मी रोज सकाळी अभ्यासाला बसण्याआधी आईचा हात हातात घेऊन ती तपासायचो. आईला आधी हसू यायचं. मग सवय झाली. मी विसरलो तर ती स्वतःच हात पुढे करायची.

मर्सी सिस्टर केरळच्या, पण कल्याणमध्ये आयुष्य गेलेलं. एकदा मशीन लावता लावता त्यांनी मला विचारलं, पुढे काय करणार? मी डिप्लोमा म्हटलं. त्या म्हणाल्या, तुझा हात चांगला आहे, नर्सिंगला का नाही जात? मुलगे जातात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्यांनी समजावून सांगितलं. एक जीएनएम, तीन वर्षांचं, लवकर नोकरी लागते. दुसरं बीएस्सी नर्सिंग, चार वर्षांचं, त्याला प्रवेश परीक्षा असते, पण पुढे शिकता येतं, बाहेरच्या देशात जाता येतं. दोन्हींनी रजिस्टर्ड नर्सच होतोस, पण रस्ता वेगळा.

मी मनात तिथल्या तिथे तीन वर्षांचं ठरवलं. आई डोळे मिटून पडलेली, मला वाटलं झोपलीय. तिने डोळे न उघडता विचारलं, "सिस्टर, तुमचा मुलगा असता तर कुठला घ्यायला लावला असता?"

"चार वर्षांचा," सिस्टर म्हणाल्या.

परतताना रिक्षात मी तिला म्हणालो की मी तीन वर्षांचाच करतो. कारण सांगायचं नव्हतं, पण तिने खोदून विचारलं तेव्हा बोलून गेलो, की मला नर्स झालेला तू बघायला पाहिजेस. ती बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "मी बघावं म्हणून शिकणार का तू? चार वर्षांचं कर. मी असले तर असले."

घरी नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, लोकांची हागमूत काढायला पोरगं शिकवलं नव्हतं मी. आई त्यांच्या समोरच बसलेली. तिने भात वाढला आणि शांतपणे म्हणाली, माझं कोण काढतंय मग? त्यावर नाना उठून गेले. पुढे त्यांनी विरोध केला नाही, पण विषयही काढला नाही. पाहुण्यांमध्ये मी 'मेडिकल लाइनला' झालो आणि तसाच राहिलो.

कॉलेज ठाण्याच्या बाजूला होतं. जाण्यायेण्यात दिवस संपायचा म्हणून मी बाळकुमला तिघांबरोबर खोली घेतली. खाली मालकांचं कुटुंब राहायचं. त्यांच्या शेतात आता उंच टॉवर उभे होते. तेच माझं पहिलं स्थलांतर. शहाड ते बाळकुम, हसण्यासारखं अंतर. पण आईच्या डायलिसिसचं काम त्या दिवसापासून ताईकडे गेलं. मी ज्या कामासाठी शिकायला निघालो होतो, तेच काम सोडून शिकायला गेलेलो, हे मला फार उशिरा कळलं.

वर्गात आम्ही मुलगे मोजकेच. वॉर्डात मुलींना सिस्टर म्हणायचे, आम्हाला ब्रदर. पहिल्या वर्षी हातात दिवा घेऊन शपथ घ्यायचा कार्यक्रम असतो, त्याला आई आली. चेहरा सुजलेला, पण नवी साडी नेसून आलेली. नानांची शिफ्ट होती. निदान तसं सांगितलं गेलं.

आई शेवटच्या वर्षी गेली. परीक्षेला थोडेच महिने राहिले होते. तीन वर्षांचा कोर्स घेतला असता तर तिने मला नोकरीवर जाताना पाहिलं असतं. हे मी तेव्हापासून कितीदा मनात घोळवलंय. तिनेही रिक्षात बसून तोच हिशोब केला असणार. फक्त तिने उत्तर माझ्या बाजूने काढलं.

रजिस्ट्रेशन झालं. भारतात आमच्या नावापुढे रजिस्टर्ड नर्सबरोबर रजिस्टर्ड मिडवाइफ पण लागतं. मी ताईला म्हणालो, तुझा भाऊ आता सुईण पण आहे. ती हसता हसता रडायला लागली, कारण या वाक्यावर आई किती हसली असती हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. ठाण्याला काही वर्षं आयसीयूत नोकरी केली, इंग्रजीची परीक्षा दिली, आणि मग ती दोरी बांधलेली बॅग.

इथे आल्यावर पहिले काही महिने मी नर्स नव्हतो. इथल्या नर्सिंग बोर्डाची परीक्षा पास होईपर्यंत एका छोट्या गावातल्या वृद्धांच्या होममध्ये केअरर म्हणून राहिलो. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं. पॅट्रिक नावाचे एक म्हातारे शेतकरी होते. त्यांना रोज सकाळी मीच लागायचो. मी दाढी करताना ते त्यांच्या गाईंच्या गोष्टी सांगायचे. त्यांचा मुलगा ऑस्ट्रेलियात होता. तो फोनवर माझे आभार मानायचा. आज मी मोठ्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. शिफ्ट, हँडओव्हर, रोस्टर, ॲन्युअल लीव्ह, आयुष्य या शब्दांत बसून गेलंय. मराठी फक्त ताईशी, आणि कधी कधी हात धुताना स्वतःशी.

नानांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मला महिन्याभराची रजा मिळाली. मी पोचलो तेव्हा ते हॉस्पिटलातून शहाडला घरी आलेले होते. उजवी बाजू गेलेली, बोलणं जड, पण समजत सगळं होतं. ताईने दिवसभरासाठी सुरेश मामा म्हणून एक माणूस ठेवला होता. मी पहिल्याच सकाळी गरम पाण्याची बादली घेऊन पलंगापाशी गेलो. नानांनी डाव्या हाताने चादर घट्ट धरली आणि मान हलवली.

"तू नको," ते म्हणाले.

मी बादली मामांकडे दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. आतून आवाज ऐकू येत होते. मामा त्यांना उलट्या बाजूने कुशीवर घेत होते, खांद्याला ओढत होते, हे मला भिंतीआडून कळत होतं. मी मामांना नंतर बाजूला घेऊन दाखवलं कसं वळवायचं ते. असे बरेच दिवस गेले. परक्या मुलखात मी कितीतरी बापांच्या अंगावरून हात फिरवलेला, आणि स्वतःच्या घरात मी पाहुण्यासारखा दाराबाहेर. ताईला मी चिडून म्हणालो, की अजूनही त्यांना माझ्या कामाची लाज वाटते. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "तुझी नाही रे लाज वाटत त्यांना. तुझ्यासमोर वाटते."

एका दुपारी मामांच्या घरी कोणी आजारी पडलं म्हणून ते लवकर गेले. ताई कोपरला गेलेली. मी बाहेरच्या खोलीत होतो. नाना हाक मारत नव्हते, पण मला वास आला. आत गेलो तर ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. किती वेळ तसेच होते कोण जाणे. मी काही विचारलं नाही. दार लोटलं, पाणी आणलं, ग्लोव्हज घातले, मग काढून ठेवले. वॉर्डात असं कधी केलं नसतं.

त्यांना कुशीवर घेतलं, पुसलं, पाठीला पावडर लावली, चादर बदलली. पाठ पाहिली, कुठे जखम नव्हती. सगळं क्रमाने चाललं होतं, पण माझे हात शिकाऊ पोराच्या हातांसारखे चालत होते. नानांनी डोळे मिटून घेतलेले. मी त्यांना उशीला टेकवून बसवलं तेव्हा त्यांनी ते उघडले आणि बोलायचा प्रयत्न केला. जीभ वळत नव्हती. मी थांबलो.

"तुज्या आईचं... तूच केलंस," ते म्हणाले. मग, "मी भाईर हुबा ऱ्हायचो. मला बघवत नव्हतं."

मी म्हणालो, माहीत आहे नाना. खरं तर माहीत नव्हतं. मला इतकी वर्षं वाटायचं त्यांना किळस येते. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि डोळे पुन्हा मिटले. त्यानंतर उरलेले दिवस अंघोळ मीच घातली. आम्ही फार बोललो असं नाही. एकदा त्यांनी विचारलं, तिकडं बी असंच करतोस? मी हो म्हटलं. सगळ्यांचं? सगळ्यांचं. 

रजा संपली. मी वाढवून मागितली, मिळाली नाही. निघताना ते झोपले होते, किंवा झोपलेत असं त्यांनी मला दाखवलं. ताईने त्यांना कोपरला तिच्या घरी नेलं. तिथे नवा माणूस ठेवला. त्याने चुकीचं वळवलं की नाना त्याला खडसावायचे, माझा मुलगा नर्स आहे, त्याला विचार. ताईने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा मी ब्रेकमध्ये होतो. ब्रेक संपला तरी कँटीनमध्ये तसाच बसून राहिलो.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. ताईने विचारलं, तू येईपर्यंत थांबू का? मी नको म्हणालो. थांबवून ठेवलेल्या देहाचं काय होतं ते मी हॉस्पिटलात पाहिलंय, नानांना तसं ठेवायचं नव्हतं. हा निर्णय नर्सने घेतला. मुलगा दुसऱ्या दिवशी पोचला.

दिवसकार्य झाल्यावर शहाडचं घर आम्ही भाड्याने दिलं. विकायला आम्हा दोघांनाही जमेना. गेल्या वेळी आलो तेव्हा नळाचं काहीतरी काम निघालं म्हणून मी ते बघायला गेलो. एक तरुण जोडपं राहतं तिथे, लहान मुलगी आहे. भिंतींना नवा रंग, आईच्या देव्हाऱ्याच्या जागी टीव्ही. चांगली माणसं आहेत. त्या घरातल्या बाईने मला खुर्ची दिली, आत जाऊन ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि विचारलं, "तुम्ही कुठे असता?"

त्या स्वयंपाकघरात मी आयुष्यभर स्वतः जाऊन, मिळेल त्या भांड्याने पाणी प्यायलो होतो. तिथे मला कोणी कधी पाणी विचारलं नव्हतं. मी आयर्लंडला असतो म्हणालो, ग्लास घेतला, आणि पाहुण्याने प्यावं तसं बसून, सावकाश, सगळं पाणी प्यायलो.

इथे माझ्या फ्लॅटवर ड्युटीवरून आलो की मी नळाखाली ग्लास धरतो आणि उभ्यानेच पितो. कोणी विचारत नाही, विचारायची गरज नाही. म्हणजे हेच आता माझं घर असणार. फक्त अजून मला तसं म्हणवत नाही.