झडपेचा चिमटा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सौदीतल्या धाहरानच्या आमच्या घरात फायरप्लेसच्या झडपेचा चिमटा मीच काढला होता; मी, जो प्लांटवर सेफ्टीची भाषणं देतो.

आमच्या कॉलनीत गॅसची कामं रत्नागिरीकडचे एक चाचा करायचे. गॅसवर पेटणारे मातीचे ओंडके आमच्याकडे त्यांनीच बसवले. गॅसच्या नळीच्या प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावायचा आणि दाढी करणाऱ्या न्हाव्यासारखं निरखत राहायचं, ही त्यांची रीत. बुडबुडा आला, म्हणजे तिथे गळती; मग त्यालाच म्हणायचे, "यल्ला, ये बाहेर, दिसलास तू." धुराड्याची झडप कधीच पूर्ण मिटू नये म्हणून त्यांनी तिला लोखंडी चिमटा आवळला. "लाकूड खोटं आहे साहेब, पण आग खरी आहे. तिच्या धुराला वाट हवी."

मग वाळूचं वादळ आलं आणि धुराड्यातून गालिच्यावर धूळ पडली. मी गुपचूप चिमटा काढून झडप मिटली. थंडीत ओंडके पेटवले, तर बायकोला गरगरायला लागलं. खिडक्या उघडून तिने चाचांना बोलावलं. त्यांनी आत हात घालून चिमट्याची जागा चाचपली, मग माझ्याकडे बघितलं. मी गालिचा न्याहाळत होतो.

"माझीच चूक गं बाय. लावायचा राहिला," ते म्हणाले आणि नवा चिमटा आवळला.

बायकोने चार शेजारणींना बजावलं, "त्या विसरभोळ्या चाचांना बोलावू नका." कुणी बोलावलं नाही.

चाचा काहीच विसरले नव्हते, हे बायकोला आणि त्या चार घरांना सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.