आधी ‘नाही’ दाबणारा मिलिंद

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरात एका दुकानात प्रिंटरची शाई घेत उभा होतो. “भाऊजी, हे गेले,” सुजाता वहिनी म्हणाल्या. मी विचारलं, “कुठे?” इतका मूर्ख प्रश्न माझ्यासारख्या बडबड्यालाच सुचतो. वहिनी “दवाखान्यातच,” म्हणाल्या... जणू मी अगदी शहाण्यासारखं काही विचारलं होतं.

मिलिंद मोरिवलीचा. अंबरनाथ एमआयडीसीतल्या रसायनांच्या एका कारखान्यात सुरक्षेचं काम बघायचा. आमची दोस्ती जमली ती कॉम्प्युटरच्या मासिकामुळे. दोघांत मिळून एक अंक घ्यायचो, कारण त्यातलं वाचायचं काम माझं आणि मुखपृष्ठावर डिंकाच्या ठिपक्याने चिकटवलेली सीडी लावायचं काम त्याचं. त्या सीडीत काय नसायचं... खेळ, फोटो सुधारायची सोंगं, मराठी फॉन्ट, अँटिव्हायरस, आणि महिनाभराने “आता विकत घ्या” म्हणून रुसून बसणारे नमुने. आमच्या उल्हासनगरचा लछूभाई कॉम्प्युटरवाला म्हणायचा, “साईं, डिस्क डालो, नेक्स्ट नेक्स्ट करो, चाय पियो.” अख्खं शहर तसंच करायचं आणि मग कॉम्प्युटर खांद्यावर घेऊन त्याच्याकडेच यायचं. लछूभाईचा बंगला असा उभा राहिला, हे माझं संशोधन.

मिलिंदचा कारभार वेगळा. कारखान्यात कुठलंही नवं पिंप आलं की ते आधी गेटवर थांबायचं, त्याला लाल टॅग लागायचा, नमुना तपासला जायचा आणि मगच ते आत. घरी सीडीलाही तोच नियम. तो ती मऊ सुती फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसायचा. “गोल पुसू नकोस, ताट नाही ते,” हे मला सुनावलेलं. सीडी आत ढकलताना अंगठ्याने शिफ्टचं बटण दाबून धरायचा, म्हणजे ती आपणहून सुरू व्हायची नाही. मग सगळ्या सीडीवरून अँटिव्हायरस फिरवायचा. मग सोबतची सूचनांची फाइल पोथी वाचावी तशी पहिल्या ओळीपासून वाचायचा. मी मागे उभा राहून दवंडी पिटायचो, “ऐका हो ऐका, सेफ्टीसाहेब आता माउस हातात घेत आहेत...” तो ढिम्म हलायचा नाही. आणि अटी मान्य आहेत का, असं स्क्रीनवर आलं की हा गृहस्थ पहिल्यांदा ‘नाही’ दाबायचा. दर वेळी.

“अरे, नाहीच घ्यायचं तर तासभर पोथी कशाला वाचलीस?”

“घ्यायचंय ना. पण नाही म्हटल्यावर कसा वागतो ते बघतो. गपचूप बंद झाला तर घरंदाज. परत परत पुढे आला, तर खोट आहे.”

मी एकदा एकाच सीडीतले दोन अँटिव्हायरस टाकले. एकापेक्षा दोन पहारेकरी बरे, हा माझा हिशेब. दोघांनी एकमेकांनाच चोर ठरवलं आणि माझा कॉम्प्युटर गारठला. मिलिंद आला, सुरू होतानाच एफ-एट दाबून त्याने सेफ मोड काढला आणि मी काय काय टाकलं, ते कुठल्या क्रमाने, याची उलटतपासणी घेतली. “शेवटी आलेला आधी बाहेर. एक काढायचा, बंद करून चालू करायचा, बघायचं. सगळं एकदम उपटलंस तर दोष कुणाचा ते कळणार कसं?” मी म्हटलं, माझाच. तो म्हणाला, “ते तर टाकायच्या आधीपासून माहीत आहे.”

हसत हसत लिहिलं इथवर. आता पुढचं.

एके वर्षी कारखान्यात एका नव्या सॉल्व्हंटची पिंपं आली. सोबत माहितीपत्रक नाही, आत नेमकं काय आहे ते कुणी सांगेना. मिलिंदने लाल टॅग बांधला आणि ‘नाही’ म्हणाला. साहेब म्हणाले, पत्रक मागाहून येईल, प्रॉडक्शन थांबलंय. तो परत नाही म्हणाला. साहेब तिसऱ्यांदा आले ते त्याच्या बदलीचा हुकूम घेऊन. सुरक्षेतून उचलून त्याला गोदामात टाकलं. ज्या पिंपांना त्याने गेटवर अडवलं होतं, त्यांच्याच शेजारी त्याचं टेबल लागलं. खिडकी नाही, पंखा एक, तोही वास फक्त इकडून तिकडे करणारा. पत्रक कधीच आलं नाही.

मी म्हटलं, सोड ही नोकरी. त्याची मुलगी नुकतीच कॉलेजात गेली होती. तो म्हणाला, “अनइन्स्टॉल कुठून करायची रे? कंट्रोल पॅनेल साहेबांकडे आहे.” आणि खोकला. तो खोकला मग घरीच राहायला आला. घरी फुकटच्या सीडीलाही तपासल्याशिवाय आत न घेणारा माणूस, आणि छातीत रोज काय जातंय ते त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. शेवटी बदलापूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं गेली, कशाने ते नक्की सांगता येणार नाही. मिलिंद माझ्याकडे बघून पुटपुटला, “एकेक काढून बघितलं असतं, तर कळलं असतं...”

गेल्या आठवड्यात त्याच्या घरी गेलो होतो. कॉम्प्युटरच्या खोलीत वहिनींसमोर तेच साहेब बसले होते. केस पिकलेले, आवाज मऊ. कारखान्यात सुरक्षा सप्ताह येतोय, गेटवरच्या फलकावर मिलिंदचा फोटो लावायचाय, ‘आदर्श सुरक्षा कर्मचारी’ म्हणून. वहिनी म्हणाल्या, “नाही.” साहेबांना वाटलं, बाईंना नीट कळलं नाही. त्यांनी सन्मान, कुटुंब, आपलं माणूस, सगळं पुन्हा पहिल्यापासून समजावलं. वहिनींनी त्यांच्यासमोरची बशी उचलली, टेबल पुसलं. “नाही म्हटलं ना साहेब. चहा संपला तुमचा.”

साहेब गेले. माझ्या तोंडात एक फक्कड डायलॉग तयार होता, पण वहिनींचा चेहरा पाहून गिळला. त्या बराच वेळ त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. संध्याकाळ झाली, एमआयडीसीकडून रोजचा तो गोडसर, घशाला झोंबणारा वास आत आला. वहिनी लगबगीने गेल्या, खिडकी लावली, फटीत फडकं दाबलं.

“ह्यांना त्रास होतो,” म्हणाल्या, आणि तशाच खिडकीकडे तोंड करून थांबल्या.