जब्बारचाचांच्या भिंतीवरचं चित्र

हे मी कुणापाशी बोलले नाही — ना आईपाशी, ना ज्यांच्यापाशी बोलायला हवं होतं त्यांच्यापाशी. ते जब्बारचाचा गेल्या महिन्यात दर्यापुरात वारले. आमचे शेजारी, लहानपणी आमच्या घरी त्यांच्याकडचंच दूध यायचं.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. मी तेव्हा अकोल्यात संशोधन करत होते. जिवंत पेशीत शिरलेले रोगजंतू बघायचे, हे माझं काम. आमच्या सूक्ष्मदर्शकातला लेसर पेशीचा एकच पातळ थर दाखवतो, बाकीचं अंधारात राहतं. रंग लावलेली पेशी मग आतून उजळते. काय सांगू तुम्हाला — आपल्या अंगात हे रोज चालतं, आणि आपण भाजीच्या भावावर बोलत असतो.

कापूस हात देत नव्हता, त्या वर्षांत चाचांचं घर एका गाईवर चालायचं. चांदणीवर. तिला ताप आला, मानेजवळ गाठ सुजली. गावच्या गुरांच्या डॉक्टरांनी गाठीतून सुईने नमुना काढला आणि सोमवारी चाचा तो घेऊन बसने माझ्याकडे आले.

पडद्यावर पेशी निळी उजळली. तिच्या पोटात हिरवा जंतू — गोचीड तापाचा. हा पेशीला मारत नाही. ती दुभंगताना ज्या धाग्यांनी ओढली जाते, त्यांनाच हा चिकटतो आणि तिच्यासोबत स्वतःही वाटला जातो. हे मी फक्त वाचलं होतं. आता ते समोर सुरू होत होतं.

चाचा मागे उभे होते. "माह्या निकाहाले एवढी रोषणाई नव्हती, बेटा." मग हळूच, "हे हिरवं काय हाय?"

मला माहीत होतं. पहिल्या नजरेत. त्याच दिवशी इंजेक्शन दिलं असतं तर — पण इंजेक्शनने जंतू मरतो. आणि ही पेशी लेसरच्या झोतात अर्ध्यावरच मेली होती. मला पूर्ण विभागणी हवी होती.

"नक्की सांगता येत नाही, चाचा. बुधवारी आणखी एक नमुना आणाल?"

जाताना त्यांनी ते चित्र मागितलं. मी छापून दिलं. म्हणजे रोगाचं नाव सोडून सगळं त्यांच्या खिशात घातलं.

बुधवारी त्यांनी नमुना आणला — आणणार नाहीत असं होतं का? पेशी शेवटपर्यंत दुभंगली. हिरवा जंतू दोन्हींकडे गेला. मी श्वास रोखून बघत राहिले. मग इंजेक्शनचं नाव लिहून दिलं.

चांदणी शुक्रवारी गेली. "तू लय केलं, बेटा," चाचा फोनवर म्हणाले.

परवा मी त्यांच्या घरी भेटीला गेले, तेव्हा त्यांच्या सुनेने भिंतीवरची फ्रेम काढून हातात दिली. सोमवारचंच चित्र. "येईल त्याले दाखवत होते, ताई. म्हणत, हे आपल्या चांदणीच्या आतलं हाय."

हिरवा रंग जराही उतरलेला नव्हता. किती सुंदर आहे ते — मला आजही तसंच वाटतं. तेवढं मी तिला सांगितलं. बाकीचं नाही.