यादीत मी मोठा
कॅलेंडरवर एक जून दिसला की हैदराबादच्या विमानतळावरची ती कोंदट खोली आठवते, विमानाच्या इंधनाचा वास कपड्यांत घेऊन आम्ही सामान चढवणारे तिथे बसलो होतो. दोन छोट्या विमान कंपन्या एक झाल्या होत्या. ज्येष्ठतेच्या यादीवरून वैमानिकांची युनियन कोर्टात गेली होती. आमची मात्र सगळ्यांची रुजू तारीख एकच धरली, त्यामुळे क्रम वयावर लागणार होता आणि शेवटचा माणूस घरी जाणार होता. तळाला उरलो मी, नववीत शाळा सोडलेला शहाद्याकडच्या कळसाडीचा, आणि दुसऱ्या कंपनीतला तिकडच्याच लोणखेड्याचा एक दादा. दोघांच्याही गुरुजींनी दाखल्यावर जन्मतारीख एक जूनच टाकलेली. दादा खरा माझ्याहून मोठा, पण त्याला शाळेत उशिरा घातलेलं, म्हणून दाखल्यावर सालही तेच. “दोनों में बड़ा कौन?” साहेबांनी विचारलं. दादाने सरळ माझ्याकडे बोट केलं. मी तोंड उघडणार तोच पुटपुटला, “गप ऱ्हाय भो. माले वावर तरी शे, तुले काय शे?” साहेबांनी त्याचे पिकलेले केस पाहिले, माझं कोवळं तोंड पाहिलं आणि तरी माझंच नाव वर लिहिलं. दादा घरी गेला. ती नोकरी अजून टिकून आहे, ती जाण्याची धास्तीही अजून आहे. सुट्टीत शहाद्याला उतरलो की आधी त्याच्या वावरात जातो, वाकतो; तो पाय मागे घेऊन हसतो, “मोठा भाऊनी धाकलाना पाया पडू नही.”